तीन हजार नावांमधलं एक नाव: प्रायोगिक कणभौतिकीत आयुष्य घालवायचं म्हणजे काय?

प्रश्न: मी बार्शीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. तिला सर्नसारख्या ठिकाणी कणांवर संशोधन करायचंय. सुट्टीत ती माझ्याबरोबर दुकानात बसते, जळालेल्या मोटारीचे वेढे मोजून नवं वाइंडिंग भरते. मला एवढंच विचारायचंय की एका शोधनिबंधावर तीन हजार माणसांची नावं असतात, मग त्यात एकेकाचं काम नक्की काय? किती वर्षं शिकावं लागतं, पोट भरतं का, परदेशातच राहावं लागतं का? आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला हे झेपेल का?

उत्तर:

या क्षेत्रात मी पस्तीस वर्षं काढली. पीएच.डी.ला जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या लेप या त्वरकावरच्या, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावरच्या, एल-थ्री प्रयोगात होते, आणि पुढची सगळी वर्षं लेपच्या जागी आलेल्या एलएचसी त्वरकावरच्या सीएमएस या प्रयोगात गेली. तुमचे प्रश्न तुम्ही विचारलेल्या क्रमाने घेत नाही. सुरुवात करते ती वेढे मोजण्याच्या वाक्यापासून. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्यात मोलाची माहिती तीच वाटली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आम्ही कण बघतो. कण कुणालाच दिसत नाही. दिसतो तो उपकरणातून आलेला विजेचा एक बारीकसा ठोका, काही अब्जांश सेकंदांचा. तो कणामुळे आला, की तापमान बदललं म्हणून, की अर्थिंग सैल होतं म्हणून, की शेजारच्या खोलीत कुणी पंप सुरू केला म्हणून, हे ठरवण्यात आमची वर्षं जातात. आपलं उपकरण कधी, कुठे आणि किती फसवतं हे ज्याला माहीत असतं तो प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ. मोटार जळाली म्हणून आली की तुम्ही आधी मेगर लावता, कुठली फेज बॉडीला लागली ते बघता. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर विसंबून वायर सोडायला घेत नाही. ही सवय वर्गात शिकवता येत नाही आणि तुमच्या मुलीला ती घरातच लागली आहे.

अर्थिंगचंच एक खरं उदाहरण सांगते, तुम्हाला ते लगेच पटेल. लेप हा २७ किलोमीटर घेराचा, जमिनीखालचा बोगदा. त्यात इलेक्ट्रॉन आणि त्यांचे उलट भाराचे जुळे पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवून झेड नावाच्या कणाचं वस्तुमान मोजायचं होतं. शेवटी ते ९१.१८७५ जीईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक) आलं, आणि अनिश्चितता फक्त ०.००२१, म्हणजे लाखात दोन भाग. एवढ्या बारकाईसाठी कणांच्या झोताची ऊर्जा तितकीच नेमकी माहीत हवी, आणि ती काही केल्या स्थिर राहीना. आधी लक्षात आलं की चंद्रामुळे समुद्राला भरती येते तशी जमीनही किंचित फुगते, २७ किलोमीटरचा घेर जेमतेम एक मिलिमीटरने बदलतो, आणि तेवढ्याने ऊर्जा सरकते. मग जिनिव्हा सरोवराच्या पाण्याच्या पातळीचा परिणाम सापडला. तरी दिवसा एक गडबड उरायची ती उरायचीच, आणि मध्यरात्रीनंतर काही तास ती नाहीशी व्हायची. १९९५ मध्ये उलगडा झाला. फ्रान्सच्या वेगवान विजेच्या गाड्यांचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपत होता आणि वाटेत सापडलेल्या त्वरकाच्या धातूच्या नळीतून वाहत होता. तुमच्या भाषेत अर्थ लीकेज. मी तेव्हा विद्यार्थिनी होते. चंद्र, सरोवर आणि रेल्वे एका आलेखात एकत्र पाहिली त्या दिवशी माझ्या मनातली या क्षेत्राबद्दलची शंका कायमची गेली.

आता तीन हजार नावांकडे येते.

सीएमएस हे उपकरण १४,००० टन वजनाचं आहे. लांबी २१ मीटर, व्यास १५ मीटर, फ्रान्समधल्या सेसी गावाखाली सुमारे १०० मीटर खोल. मधोमध सहा मीटर व्यासाचं अतिवाहक वेटोळं आहे, ३.८ टेस्ला क्षेत्राचं. तुम्ही आयुष्यभर भरलेल्या वेटोळ्यांचंच हे भावंड, फक्त उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवलेलं. प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा, एकमेकांतून जातात. एवढं सगळं साठवणं अशक्य, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची पहिली चाळणी त्यातल्या सेकंदाला सुमारे एक लाख घटना ठेवते आणि संगणकांची दुसरी चाळणी त्यातून हजाराच्या आसपास, अलीकडे काही हजार. बाकीचं कायमचं गेलं. चाळणी चुकीची लावली तर शोध कचऱ्यात जातो आणि कुणाला कळतही नाही. आम्ही ज्याच्या मागे होतो तो हिग्ज कण (इतर मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण) काहीशे कोटी टकरींमागे एखादा, आणि त्यातला हजारात जेमतेम दोन वेळा दोन फोटॉनांमध्ये, म्हणजे प्रकाशकणांमध्ये, विघटित होणारा. एवढ्या मोठ्या यंत्राचा कोपरान् कोपरा कुणीतरी ओळखत असला पाहिजे. तीन हजार नावं त्यासाठी आहेत.

माझा कोपरा होता बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांची ऊर्जा मोजणारा थर. टकरीतून निघालेले काही जोरकस कण वेटोळ्याच्या आतल्या थरांत पूर्ण थांबत नाहीत, त्यांच्या ऊर्जेचं शेपूट बाहेर निसटतं. ते पकडायला वेटोळ्याबाहेर सिंटिलेटर नावाच्या प्लॅस्टिकच्या फरश्या बसवल्या आहेत. कण त्यातून गेला की निळसर प्रकाश चमकतो, फरशीत कोरलेल्या खाचेतला फायबर तो गोळा करतो आणि टोकाला तो मोजला जातो. अशा २,७३० फरश्या, ४३२ ट्रेमध्ये बसवलेल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, हे काम घेतलं होतं. खाचा कोरायच्या, फायबरची टोकं घासून काचेसारखी करायची, पांढऱ्या कागदात आणि मग काळ्या कागदात गुंडाळायचं आणि प्रत्येक फरशी तपासायची.

तपासायला कण आणायचे कुठून? ते आकाशातून फुकट येतात. विश्वकिरण वातावरणावर आदळून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनची जड भावंडं, तयार होतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक, म्हणजे तुमच्या उघड्या तळहातातून सेकंदाला एक-दोन. हे वाचेपर्यंत बरेच गेले.

त्या चाचण्यांतली एक गोष्ट मुलीला जरूर सांगा. एका ट्रेची मोजणी रोज संध्याकाळी वाढायची. सकाळी बरोबर, दुपारी बरोबर, चारनंतर जास्त. मी व्होल्टेज तपासलं, केबल बदलल्या, तापमानाची नोंद ठेवली. तीन आठवडे गेले. एका ढगाळ संध्याकाळी मोजणी वाढली नाही, तेव्हा डोक्यात उजेड पडला. खोलीची खिडकी पश्चिमेला होती. उतरतं ऊन बरोबर त्या ट्रेच्या एका कोपऱ्यावर पडायचं आणि तिथल्या काळ्या कागदाच्या घडीत सुईच्या टोकाएवढं भोक होतं. तो ट्रे मीच गुंडाळला होता. त्यानंतर मी गटातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकच सक्ती केली. मोजणीच्या वहीत आकड्यासोबत वेळ, हवा आणि खोलीत कोण आहे हे लिहायचं. आज सगळं संगणक नोंदवतो, तरी मी ती वही सोडायला लावलेली नाही.

२८ फेब्रुवारी २००७ रोजी सीएमएसचा मधला भाग, वेटोळ्यासकट सुमारे १,९२० टनांचा, केबलांवर टांगून इंचाइंचाने खाली उतरवला. त्याला जवळजवळ सगळा दिवस लागला. आमच्या काही फरश्या त्यात होत्या. नंतर चालू यंत्रात कळलं की फायबरच्या टोकाला प्रकाश मोजणारी जी नळकांडी होती ती बाहेरच्या वेड्यावाकड्या चुंबकीय क्षेत्रात नीट वागत नाहीत. २०१३-१४ च्या मोठ्या बंद-काळात ती सगळी काढून सिलिकॉनचे मापक बसवले गेले. दहा वर्षांपूर्वी विचार करून घेतलेला निर्णय असा बदलावा लागतो. त्याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटतानाच पुढचं काम सुरू करावं लागतं.

४ जुलै २०१२ ला हिग्जची घोषणा झाली, सुमारे १२५ जीईव्ही. त्या शोधनिबंधावर माझं नाव आहे, संस्थेच्या नावाखाली, मधेच कुठेतरी. खरं सांगायचं तर दोन फोटॉनांच्या त्या उंचवट्यात आमच्या बाहेरच्या फरश्यांचा थेट हात अगदी थोडा होता. त्या कामी येतात त्या जोरकस जेट, म्हणजे कणांचे फवारे, मोजताना आणि अदृश्य कणांनी पळवलेल्या ऊर्जेचा हिशेब लावताना. तरी मी त्या दिवशी रडले. २०१५ मध्ये सीएमएस आणि अ‍ॅटलास (सर्नमधलाच दुसरा मोठा प्रयोग) यांनी मिळून हिग्जच्या वस्तुमानाचा निबंध लिहिला, त्यावर ५,१५४ नावं होती. ३३ पानांपैकी २४ पानं नावांचीच. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. आत मात्र प्रत्येकाला माहीत असतं की अमुक सुधारणा कुणाची आणि अमुक चूक कुणी पकडली. नोकरीच्या मुलाखतीत निबंधांची संख्या कुणी विचारत नाही, 'तू स्वतः काय केलंस?' हे विचारतात, आणि पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं. म्हणून मुलीला सांगा की पीएच.डी.त एक हार्डवेअरचं काम आणि एक विश्लेषण, दोन्ही पूर्ण आपल्या हातचं हवं. नुसतं संगणकावर बसून प्रबंध होतो आणि आजकाल बरेच होतात. मला ते अर्धं शिक्षण वाटतं.

आणखी एक गोष्ट वेळेत कळलेली बरी. या क्षेत्रात बहुतेक वेळा उत्तर 'काही सापडलं नाही' असं येतं. डिसेंबर २०१५ मध्ये सीएमएस आणि अ‍ॅटलास दोघांनाही ७५० जीईव्हीच्या आसपास दोन फोटॉनांचा एक उंचवटा दिसला. जगभरच्या सैद्धांतिकांनी त्यावर पाचशेच्या वर निबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्त डेटा आला आणि उंचवटा विरून गेला. म्हणूनच आम्ही पाच सिग्माचा आग्रह धरतो. नुसत्या योगायोगाने तेवढा उंचवटा येण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक असेल तेव्हाच 'शोध' हा शब्द वापरायचा. विश्लेषण चालू असताना महत्त्वाचा भाग झाकून ठेवायचा, सगळ्या पद्धती ठरल्या की मगच उघडायचा, म्हणजे मनाजोगतं उत्तर काढण्याचा मोह होत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने चार वर्षं एका कणाचा शोध घेतला, झाकण उघडलं, काही नव्हतं. त्याच्या प्रबंधाचा निष्कर्ष 'अमुक वस्तुमानापर्यंत असा कण नाही' असा आहे. तो उत्तम प्रबंध आहे. त्या संध्याकाळी त्याचं तोंड उतरलं होतं हेही खरं.

परदेशाचं म्हणाल तर कायम राहावं लागत नाही, जावं-यावं मात्र लागतं. शिफ्ट असतात, चाचण्या असतात, वर्षातून काही आठवडे ते काही महिने. पीएच.डी.नंतरच्या पोस्टडॉकची दोन-चार वर्षं बहुतेक जण बाहेर काढतात. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य देश आहे, त्यामुळे तिथली दारं आपल्या विद्यार्थ्यांना पूर्वीपेक्षा जास्त उघडी आहेत. महाराष्ट्रातच टीआयएफआर आणि पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था सीएमएसमध्ये आहेत, आयआयटी मुंबई सर्नच्याच अ‍ॅलिस प्रयोगात आहे. जपानमधल्या बेल-टू प्रयोगाच्या सिलिकॉन डिटेक्टरचा एक थर टीआयएफआरच्या गटाने बांधला.

आणि हे सगळं परदेशातच घडतं असं तिने समजू नये. न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणारे कण. वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो सापडल्याचा जगातला पहिला निबंध १९६५ मध्ये आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतून, सुमारे २.३ किलोमीटर खोलवरच्या प्रयोगातून आला. टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांचा तो प्रयोग. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत अमेरिकन शास्त्रज्ञ रेइन्स यांचा गट हेच शोधत होता, त्यांचा निबंध आपल्यानंतर दोन आठवड्यांनी प्रसिद्ध झाला. खाली प्रचंड उष्णता, पिंजऱ्यातून तासभराचा उतरणीचा आणि चालण्याचा प्रवास आणि नोंदी हाताने. त्या पिढीतल्या काहींच्या हाताखाली मी शिकले. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरिंगची सफाई बघून मला माझे हात लपवावेसे वाटायचे. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात अजूनही विश्वकिरण मोजले जातात. १ डिसेंबर २०१४ च्या वादळी ढगात १३० कोटी व्होल्टचं विभवांतर होतं हे त्यांनी म्युऑनांच्या मोजणीतल्या बदलावरून काढलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. ढगात विमान पाठवलं नाही, जमिनीवरून म्युऑन मोजले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तमिळनाडूत थेनीजवळ डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती, ५०,००० टन चुंबकित लोखंडाचा डिटेक्टर. २०१५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारची मंजुरीही मिळाली. पर्यावरणाचे आक्षेप, स्थानिकांचा विरोध, न्यायालय, यात ती अडकली आणि आजतागायत उभी राहिलेली नाही. मदुराईला त्याची ८५ टनांची छोटी प्रतिकृती चालते. ज्यांनी या प्रयोगावर उमेदीची वर्षं लावली त्यांना मी ओळखते. मोठा प्रयोग म्हणजे पंधरा-वीस वर्षांचा डाव, आणि त्यातले सगळे फासे वैज्ञानिकांच्या हातात नसतात. म्हणून मुलीने गाइड निवडताना पहिला प्रश्न विचारावा: 'माझ्या पाच वर्षांत डेटा येईल ना?' सीएमएसमध्ये आज याचं उत्तर 'हो' आहे. डेटा हातात आहेच आणि २०३० च्या सुमाराला सुरू होणाऱ्या वाढीव तीव्रतेच्या टप्प्यासाठी नवे डिटेक्टर बांधले जात आहेत. हाताने काम करणाऱ्यांची त्यात गरज आहे.

वर्षं आणि पैसे. एम.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. पाच ते सहा, पोस्टडॉक तीन ते पाच. कायमची नोकरी लागेपर्यंत तेहतीस-पस्तीस वय होतं. पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप, नंतर ४२,०००, वर घरभाडं किंवा वसतिगृह. एकट्या माणसाचं भागतं, घरी थोडं पाठवताही येतं. कायमच्या जागा थोड्या असतात आणि पीएच.डी. झालेले बरेच जण दुसरीकडे जातात. त्याला मी अपयश मानत नाही. माझे विद्यार्थी आज बँकांच्या जोखीम विभागात आहेत, चिप डिझाइनमध्ये आहेत, रुग्णालयात आहेत. पेट स्कॅनमध्ये आमच्या फरश्यांसारखेच चमकणारे स्फटिक असतात, आणि खारघरच्या कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये कर्करोगावर प्रोटॉनच्या झोताने उपचार होतात, तिथेही झोत ओळखणारी माणसं लागतात.

मुलगी म्हणून वेगळं काही सोसावं लागतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बापाच्या मनात असणारच. मला एका मुलाखतीत 'लग्न झाल्यावर काय करणार?' असं विचारलं होतं. आता तसं उघड विचारत नाहीत. पोस्टडॉकची वर्षं आणि लग्न-मुलांची वर्षं एकाच काळात येतात, आणि मुली तिथेच गळतात. मी टिकले ते सासूबाईंमुळे. मुलगा दोन वर्षांचा असताना मी तीन महिने जिनिव्हाला होते आणि त्या कराडहून येऊन राहिल्या. तुमच्या घरात याबद्दल आधीच मोकळं बोलणं झालेलं बरं.

मराठी माध्यमाची चिंता करू नका. सर्नच्या बैठकीत इटालियन, चिनी, रशियन, सगळे आपापल्या वळणाचं इंग्रजी बोलतात. मला पहिलं वर्ष अवघड गेलं, नंतर भाषेकडे लक्षच राहिलं नाही. गणित आणि प्रोग्रामिंग मात्र पक्कं हवं. पायथन आजपासून, सी-प्लस-प्लस पुढच्या वर्षी. संख्याशास्त्राकडे आपल्या अभ्यासक्रमात दुर्लक्ष होतं, ते तिने स्वतः शिकावं.

आत्ता करण्यासारखं: एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, आणि बी.एस्सी.नंतर थेट एकत्रित पीएच.डी.साठी टीआयएफआरची प्रवेश परीक्षा, ती साधारण डिसेंबरमध्ये असते. पीएच.डी.साठीची जेस्ट ही परीक्षाही द्यावी. उन्हाळ्यात टीआयएफआरचा विद्यार्थी कार्यक्रम आहे. सीएमएसने २०१४ पासून आपला खरा डेटा सर्वांसाठी खुला केला आहे. बार्शीत बसून, साध्या लॅपटॉपवर तिला दोन म्युऑनांच्या वस्तुमानाचा आलेख काढता येईल आणि ९१ जीईव्हीच्या जवळ झेडचा उंचवटा स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मी ज्याच्यासाठी पाच वर्षं घालवली तो कण एका संध्याकाळी पडद्यावर.

आणि जमलं तर जवळच्या विद्यापीठात जाऊन तिने म्युऑनचं आयुर्मान मोजावं, हे उपकरण बऱ्याच एम.एस्सी. प्रयोगशाळांत असतं. सिंटिलेटरमध्ये म्युऑन थांबतो, एक ठोका येतो. तो विघटित होतो, दुसरा ठोका येतो. मधलं अंतर हजारो वेळा मोजून आलेख काढायचा. पुस्तकात २.१९७ मायक्रोसेकंद लिहिलंय. तिला साधारण २.१ च्या आसपास मिळेल आणि आपलं काहीतरी चुकलं असं वाटेल. मोजमाप नीट केलं असेल तर चुकलेलं नाही. म्युऑन धन आणि ऋण असे दोन्ही येतात. ऋण म्युऑनांपैकी काहींना प्लॅस्टिकमधल्या कार्बनचं केंद्रक गिळून टाकतं, त्यामुळे ते लवकर संपतात आणि सरासरी खाली येते. पण हा शेवटचा परिच्छेद तिला मोजणी झाल्यावरच दाखवा.